शिकागोच्या पिल्सेनमध्ये डोक्यासाठी सालसा!

ऑनसाइटवर शिकागोला गेलात, तर डाउनटाऊनचे टॉवर्स बघून झाल्यावर पिंक लाइन पकडा आणि १८व्या स्ट्रीटच्या स्टेशनवर उतरा. स्टेशनपासूनच रंगीबेरंगी भित्तिचित्रं सुरू. हे पिल्सेन. मेक्सिकन बेकऱ्या, टाको आणि तिकीट न लावणारं नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट. वीकेण्ड मस्त जातो!

पण इथल्या ज्येष्ठांना एक टेन्शन आहे. अमेरिकेत गोऱ्या ज्येष्ठांपेक्षा लॅटिनो ज्येष्ठांना अल्झायमर होण्याची शक्यता साधारण दीडपट. म्हणून याच शहरातल्या इलिनॉय विद्यापीठाच्या डेव्हिड मार्केझ यांनी 'बायलामोस' आणलं. म्हणजे 'आपण नाचतो'! चार महिने, आठवड्यातून दोनदा. मेरेंगे, चा-चा-चा, बचाता, सालसा. ट्रेडमिल परकी वाटेल, पण ही गाणी तर घरचीच.

फंडा काय? सालसाचे ठोके आठ, पण चौथ्या आणि आठव्याला पाऊल टाकायचं नाही. ठोके मोजा, स्टेप आठवा, जोडीदाराच्या हाताचा इशारा ओळखा, सगळं एकदम. पायांबरोबर डोकंही कामाला लागतं.

नाचलं की अल्झायमर टळतोच, असं सिद्ध झालेलं नाही. मात्र न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ४६९ ज्येष्ठांच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारंवार नाचणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका कमी दिसला होता.

परत आल्यावर आई-बाबांसाठी टी-शर्ट आणालच. सोबत दोन-चार स्टेप्सही आणा. आणि त्यांना नुसतं शिकवू नका, सालसाला जोडीदार लागतो!