मोआबच्या मुक्कामात कोमट पाणी

गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही नवराबायको, मुलीला घेऊन, अमेरिकेत डेन्व्हरला भाईजानकडे गेलो. अम्मी सहा महिन्यांपासून तिकडेच होत्या. त्यांना सोबत घेऊन परतायचं होतं. सहा महिन्यांत अम्मींनी अमेरिका पाहिली ती बहुतेक खिडकीतून. बाहेर बर्फ, आणि यांचे गुडघे दुखरे. त्यामुळे जाण्याआधी त्यांना एकदा तरी लांब फिरवून आणायचं, असं भाईजाननी मनात घेतलं होतं. नंतर कधी योग येईल, अम्मी पुन्हा इतका मोठा विमानप्रवास करू शकतील का, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

भाईजानकडे एक ट्रेलर आहे, जुना घेतलेला. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं छोटं घर. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, संडास. अम्मींना तास-दीड तासाने उठावं लागतं, त्यांच्यासाठी हीच सोय बरी. शिवाय खाणं आपल्या हातचं. भाभींनी कोफ्ते तळून डबे भरले आणि आम्ही पश्चिमेला निघालो.

रस्ता रॉकी पर्वत ओलांडून जातो. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. मे महिना असूनही आजूबाजूच्या डोंगरांवर बर्फ होतं. पहिली रात्र ग्रँड जंक्शनला काढली. तिथे सगळ्यांनी गरम पाण्याने आंघोळी केल्या, हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी कोलोरॅडो राज्य मागे टाकून यूटामध्ये शिरलो आणि दुपारपर्यंत मोआबला पोहोचलो.

मोआब हे लाल खडकांतलं लहानसं गाव. शेजारून कोलोरॅडो नदी वाहते आणि थोड्याच अंतरावर आर्चेस नॅशनल पार्क आहे. या पार्कमध्ये २,००० पेक्षा जास्त नैसर्गिक कमानी मोजल्या गेल्या आहेत. वाळूच्या खडकाच्या भेगांत पाणी शिरतं, थंडीत त्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं आणि खडक फोडतं. हजारो वर्षं हे चालल्यावर भिंतीला भोक पडतं आणि कमान उरते. लँडस्केप आर्च नावाची कमान तर ३०६ फूट लांब आहे आणि मध्ये इतकी बारीक, की खालून पाहताना आपणच श्वास धरतो. अम्मी तिथवर चालू शकल्या नाहीत. पण डबल आर्च वाहनतळाजवळूनच दिसते. ती त्यांनी खुर्ची टाकून अर्धा तास पाहिली.

मुलं मात्र कमानींच्या पायथ्याशी लोळून आली. डोक्यापासून नखापर्यंत लाल. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं झाकण असतं. त्याच्या आत दोन तोट्या आणि नळीचा शॉवर. आमच्या मुलीने आणि भाईजानच्या दोघांनी तिथेच हातपाय धुतले, मगच भाभींनी त्यांना आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं ते कोमट. कोमट म्हणणंही जास्तच होईल. भाईजान म्हणाले, रात्री मुलांनी टाकी संपवली असेल. हीटरची टाकी ६ गॅलनची, म्हणजे जेमतेम २३ लिटरची, तेव्हा ते पटलं. त्यांच्या मुलाला लांबलचक आंघोळीबद्दल बोलणी बसली. पण दुपारीही तेच, रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उठलो तेव्हा अम्मी फजरची नमाज आटपून बसल्या होत्या आणि चहाचा कप पीत नव्हत्या, दोन्ही हातांनी नुसता धरून होत्या. बोटं सुजलेली. मोआबला दिवसा ऊन चटके देतं, पण पहाट चांगलीच गार असते. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, वुजूचं पाणी जरा गार होतं." दोन्ही दिवस त्यांनी तसाच वुजू केला होता. भाभींनी शेगडीवर पाणी तापवून दिलं असतं, पण अम्मींनी कुणाला उठवलं नाही.

भाईजानना ते फार लागलं. ते म्हणाले, सामान आवरा, आजच परत निघू. अम्मी म्हणाल्या, नाही. मग ते पाना आणि पक्कड घेऊन बाहेर गेले. टाकी रिकामी करायची, आतली कॉइल बदलायची, गावात दुकान उघडलं की नवी आणायची, असा त्यांचा बेत. आम्हाला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून आम्ही टॉर्च धरून उभे राहिलो.

शेजारच्या जागेत एक सत्तरीचे गृहस्थ उतरले होते. नवराबायको वर्षातले सहा महिने ट्रेलरमध्येच काढतात. ते कॉफीचा मग घेऊन आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "विजेचं बटण बंद केलंय का?"

केलेलं नव्हतं. हे हीटर गॅसवरही चालतात आणि विजेवरही. टाकी रिकामी झाली आणि कॉइल चालू राहिली तर ती काही क्षणांतच जळून जाते. वर आतलं पाणी तापलेलं आणि दाबाखाली असतं, ते अंगावर उडालं असतं ते वेगळंच. भाईजाननी मुकाट्याने बटण बंद केलं आणि पाना खाली ठेवला.

दुसरा प्रश्न, "आधी ठीक होतं का? कधीपर्यंत?" ग्रँड जंक्शनपर्यंत उत्तम होतं. "मग मध्ये काय बदललं?" कुणालाच आठवेना.

गृहस्थांनी टाकीच्या सुरक्षा वॉल्व्हजवळ हात नेला. वॉल्व्हला हात लावला नाही, नुसती ऊब पाहिली. टाकी चांगली गरम होती. म्हणजे हीटर आपलं काम करत होता. पाणी तापत होतं, पण नळापर्यंत तसंच पोहोचत नव्हतं. आता आत जाऊन त्यांनी पलंगाखालची फळी काढली. तिथे टाकीच्या मागच्या बाजूला तीन कॉक दिसले. या भागात हिवाळ्यात पाइपातलं पाणी गोठतं आणि कमानी फोडणारं तेच बर्फ पाइपही फोडतं. म्हणून थंडीआधी सगळं पाणी काढून पाइपांत गुलाबी रंगाचं न गोठणारं द्रव भरतात. ते टाकीत जाऊन वाया जाऊ नये म्हणून टाकीचे दोन कॉक बंद करायचे आणि मधला, गार पाइप परस्पर गरम पाइपाला जोडणारा, उघडायचा. उन्हाळ्यात याच्या उलट. मधला कॉक चुकून अर्धवट उघडा राहिला तर गार पाणी टाकीला वळसा घालून गरम नळात येतं. कॉकचा दांडा पाइपाच्या रेषेत असला की उघडा, आडवा असला की बंद. आम्ही टॉर्च मारून पाहिलं. दोन सरळ, मधला आडवा. सगळं जिथल्या तिथे.

भाईजान पुन्हा कॉइलवर आले. गृहस्थ म्हणाले, "थांबा." त्यांनी टाकीत गार पाणी नेणारा खालचा कॉक बंद केला आणि स्वयंपाकाचा गरम नळ सोडायला सांगितला. नळ वाहत राहिला. मिनिट झालं, दोन झाली, धार थांबेना, आणि पाणी हळूहळू पार गार झालं.

आम्ही हे अम्मींना समजावून सांगत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "बंबासारखंच की. वरून गार पाणी ओतल्याशिवाय बंबाच्या तोटीतून गरम पाणी येतं का? तुम्ही ओतणं बंद केलंत आणि तरी येतंय. मग ते बंबातलं नाहीच."

आमच्या कराडच्या घरी परसात तांब्याचा बंब होता. त्यात खाली विस्तव, वरच्या नरसाळ्यातून एक तांब्या गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच गरम पाणी बाहेर पडायचं. भाईजाननी लहानपणी त्यात शेकडो बादल्या ओतल्या असतील. त्यांनी अम्मींचं बोलणं इंग्रजीत सांगितलं तेव्हा ते गृहस्थ मोठ्याने हसले आणि म्हणाले, अगदी बरोबर.

आता शोध सोपा झाला. गरम आणि गार पाइप या घरात कुठे कुठे एकत्र येतात, तेवढंच बघायचं. स्वयंपाकाचा नळ, बेसिन, न्हाणीतला शॉवर. तिन्ही बंद. "आणखी?" असं विचारल्यावर आमची मुलगी हळूच म्हणाली, "बाहेरचा."

बाहेरच्या झाकणाआड दोन्ही तोट्या सताड उघड्या होत्या. शॉवरच्या मुठीला एक बटण असतं. ते दाबलं की धार थांबते, म्हणून मुलीला वाटलं, पाणी बंद झालं. धार थांबली होती, पण मागे गरम आणि गार पाण्याची गाठ पडलेली होती. आत कुठलाही गरम नळ सोडला की गार पाणी या वाटेने मागून घुसायचं आणि सगळीकडे कोमट करून टाकायचं. दोन्ही तोट्या पिळल्या, टाकीचा कॉक उघडला, नळ सोडून पाणी नीट भरल्याची खात्री केली आणि मगच वीज सुरू केली. अर्ध्या तासात पाण्याला हात लावता येईना. खर्च शून्य.

मुलगी रडवेली झाली होती. भाईजाननी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग आपल्या मुलाला हाक मारली आणि त्याची माफी मागितली. बारा वर्षांच्या मुलाला ते इतकं अनपेक्षित होतं की तो "इट्स ओके, अब्बू" म्हणून पळालाच.

स्वयंपाकाच्या नळाची धार तरी बारीक होती, तीही गृहस्थांनी जाता जाता दुरुस्त केली. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली, तर आत पांढऱ्या क्षाराच्या कपच्या. व्हिनेगरमध्ये भिजवून पुन्हा बसवली.

परत आल्यावर आम्हाला हे आणखी एकदा उपयोगी पडलं. आपल्याकडे हल्ली न्हाणीत मिक्सर आणि त्याला जोडलेला हातातला शॉवर असतो. गीझर तापतोय पण पाणी कोमट, अशी तक्रार शेजारच्या घरातून आली, तेव्हा गीझर खोलायच्या आधी आम्ही त्यांना हातातल्या शॉवरमागच्या दोन्ही तोट्या बघायला सांगितलं. एक उघडी नव्हती, दोन्ही होत्या.

त्या संध्याकाळी आम्ही डेड हॉर्स पॉइंटला गेलो. कड्याच्या खाली २,००० फुटांवर कोलोरॅडो नदी मोठं वळण घेते. पूर्वी गुराखी या टोकावर रानघोडे कोंडून ठेवत, आणि एकदा मागे राहिलेले घोडे समोर नदी दिसत असताना तहानेने मेले, अशी दंतकथा आहे. भाईजाननी ती अम्मींना सांगितली. अम्मी बराच वेळ खाली पाहत राहिल्या. मग त्यांनी पाण्याची बाटली मागितली, बिस्मिल्ला म्हणून तीन घोटांत पाणी प्यायल्या आणि बाटली मुलांकडे दिली.

रात्री ट्रेलरकडे परतल्यावर भाईजान आधी बाहेरचं झाकण उघडून दोन्ही तोट्या पिळून आले. पहाटे आम्हाला जाग आली ती न्हाणीतल्या पाण्याच्या आवाजाने. आवाज बराच वेळ चालला होता. अम्मी आंघोळ करत होत्या.