न्याहारीचा हिशोब

कोल्हापुरात कॉलेजला असताना गंगावेशीतल्या एका काकूंच्या घरी माझं जेवण लागलं होतं. खानावळ म्हणून पाटी नव्हती. माझ्यासारखी चार परगावची पोरं दोन वेळा जेवून जायची, इतकंच. काकांनी तरुणपणी लाल मातीत अंग घोळवलेलं, त्यामुळे त्या घरात सकाळ तालमीच्या शिस्तीनं उजाडे. रात्री भिजवलेले हरभरे, फडक्यात बांधून मोड आणलेली मटकी, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी उकडलेली अंडी.

मला सवय चहा-खारीची. अकराच्या तासाला पोटात कावळे ओरडत आणि डोळे मिटत. काकूंच्या ते लक्षात आलं. “च्या-खारी खाऊन कालेजात डुलक्या काढतोस व्हय रं? उद्यापासनं मी घालतो ते खाऊन जायाचं,” असं म्हणून त्यांनी मटकीच्या उसळीची वाटी पुढ्यात सरकवली. वर दही. पैसे दोन जेवणांचेच ठरले होते. न्याहारीचे विचारले तर म्हणाल्या, “त्याचा हिशोब आमच्यात नसतोय.”

त्या वाटीत काय होतं, ते मला पन्नाशीत आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं, ही आयसीएमआरची शिफारस. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. आपण पोहे-उपम्यावर सकाळ काढतो आणि सगळा भार रात्रीच्या आमटीवर टाकतो. पोह्यांच्या बशीत प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. एका अंड्यात सहा, मूठभर हरभऱ्यांत सात-आठ. प्रथिनं पोटात रेंगाळतात, भूक उशिरा लागते. रात्रभराच्या उपासानंतर स्नायूंना दुरुस्तीचा मालही त्यांतूनच मिळतो, आणि वयाबरोबर स्नायू झडू लागले की त्याची गरज वाढते. मोड येताना कडधान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं.

काकूंना यातलं एक अक्षर ठाऊक नसेल. पण त्यांच्या भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभराडाळ आणि उडीद असायचेच. धान्यात लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी. एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. हजारो रुपयांच्या पावडरीच्या डब्यांवर पिळदार दंडांचे फोटो दिसतात तेव्हा मला त्या भाजणीचा पत्र्याचा डबा आठवतो, आणि थोडा रागही येतो.

पहिल्या पगारानंतर इरकली साडी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, थोडं तरी फिटेल. साडी त्यांनी घेतली, घडीवरून हात फिरवला, “माझ्यापरीस सुनंला शोभंल,” म्हणाल्या आणि आत गेल्या. निघताना माझ्या पिशवीत दोन किलो भाजणी होती, वर मोडाची मटकी. पुण्याच्या गाडीत ती सांडू नये म्हणून पिशवी मांडीवर घेऊन बसलो.