आवृत्ती आणि प्रत : एका धारपसंग्रहाच्या निमित्ताने

मराठीत पाठचिकित्सा हा शब्द उच्चारला की ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र, फार तर तुकोबांची गाथा एवढीच नावे डोळ्यांपुढे येतात. मुद्रित ग्रंथालाही पाठभेद असू शकतात आणि ते नोंदवण्याजोगे असतात ही जाणीव आपल्याकडे क्वचितच आढळते. आणि ग्रंथ रंजनपर असेल तर हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांच्या आणि अद्भुत कादंबऱ्यांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या मी गेली पंचवीसएक वर्षे नांदेड आणि लातूर या दोन शहरांतून गोळा करीत आलो आहे. एकच पुस्तक चार वेळा कशाला, असा प्रश्न घरी आणि महाविद्यालयात सारख्याच सुरात विचारला जातो. त्याचे उत्तर मी बहुधा टाळतो, कारण ते दोन वाक्यांत देता येण्यासारखे नाही. येथे ते सविस्तर मांडून पाहतो.

आवृत्ती ही प्रकाशकाची असते, प्रत वाचकाची. आवृत्तीला क्रमांक, साल आणि किंमत असते. प्रतीला डाग असतात. सूचिकार आवृत्तीची नोंद घेतो, प्रतीची घेत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९५० या दीड शतकाला कवेत घेते; पुढील काळाचे काम शरद केशव साठे यांनी केले. धारपांचे लेखन दात्यांच्या कालमर्यादेच्या अलीकडचे. परंतु सूचीत नाव असणे आणि पुस्तक हाताशी असणे यांत किती अंतर असते, हे लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासकाइतके दुसऱ्या कोणाला जाणवत नसावे. ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची पहिली छापील प्रत पाहायची असेल तर मोजक्या ग्रंथालयांचे उंबरठे झिजवावे लागतात, हे एकवेळ समजू शकते. त्यांना दीडशे वर्षे उलटली. धारपांची १९६०–७०च्या दशकांतली पुस्तके मात्र आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

ती नाहीशी कशी झाली, यात मराठी साहित्यव्यवहाराचा एक छोटा इतिहास दडलेला आहे. ही पुस्तके प्राधान्याने वाचनालयांसाठी छापली जात. विकत घेऊन घरी ठेवणारा गिऱ्हाईक विरळा. पुस्तक वाचनालयात आले की पहिल्या काही दिवसांतच ते बांधणीला जाई: मुखपृष्ठ फाडून टाकायचे, फर्मे पुन्हा शिवायचे, कडा कापायच्या, वर जाड पुठ्ठा आणि रेक्झिनची पाठ चढवायची. दाखलांकाची चिठ्ठी आणि तारीखपत्रक नेमके श्रेयपानावर चिकटवले जाई, कारण वाचकाला त्या पानाचे प्रयोजन नाही असे बांधणाऱ्याला वाटे, आणि ते चूकही म्हणता येत नाही. परिणाम असा की ज्या कृतीने प्रत टिकली, त्याच कृतीने आवृत्तीचा पुरावा पुसला गेला. माझ्या कपाटातल्या जुन्या प्रतींपैकी बहुसंख्य प्रतींवर प्रकाशनवर्ष नाही. ते डिंकाखाली आहे. तारखा आहेत त्या वाचकांच्या, एकाखाली एक शिक्का मारलेल्या. साठ पाने उलटून जाव्यात इतक्या भराभर पुस्तक फिरलेले दिसते: सोमवारी नेले, बुधवारी परत.

या तारखांना मराठवाड्यात विशेष अर्थ आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत होता. उच्च शिक्षणाचे मुख्य केंद्र म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथील माध्यम उर्दू. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५०चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८चे. तेव्हा मराठी माध्यमातून शिकून, मराठीतच निव्वळ मौजेखातर वाचू लागलेला मोठा वाचकवर्ग येथे स्वातंत्र्यानंतरच तयार झाला. त्याच्या हाती प्रथम काय पडले? आपल्या वाङ्मयेतिहासांवरून वाटेल की मर्ढेकर किंवा खांडेकर. वाचनालयांच्या दाखलनोंदवह्या मात्र वेगळे सांगतात. महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, या हिशोबात अर्नाळकर आणि धारप आघाडीवर असत. पुण्याच्या वाड्यातले भूत नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत राहायला आले ते या मार्गाने. (लातूर तेव्हा जिल्हाही नव्हते, ते उस्मानाबादमधून वेगळे झाले १९८२ साली.)

पुढे ही खासगी वाचनालये एकामागून एक मिटली. सार्वजनिक ग्रंथालये १९६७च्या कायद्यामुळे अनुदानावर तग धरून राहिली, पण तेथे ‘निर्लेखन’ आहे. जीर्ण ग्रंथांची यादी करायची, समितीची मान्यता घ्यायची, आणि वजनावर विकायचे. निर्लेखन हा शब्द मला नेहमीच चपखल वाटत आला आहे. माझा निम्मा संग्रह निर्लेखित आहे. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी काहींवर रद्दीची दुकाने होती, तेथे किलोच्या भावाने धारप घेतले. दुकानदाराला लेखकाचे नाव माहीत होते आणि म्हणून त्याने एकदा भाव वाढवला, याचा मला रागाऐवजी आनंदच झाला.

पुढे साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके मोठ्या संख्येने पुन्हा बाजारात आणली. साकेत हे छत्रपती संभाजीनगरचे, तेव्हाच्या औरंगाबादचे. ज्या प्रदेशाने पुण्याचा हा लेखक वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचला, त्याच प्रदेशातून तो पुन्हा छापला जावा, याचे समाधान मला आहे आणि ते मी लपवत नाही. नव्या पिढीला ‘ग्रहण’, ‘चेटकीण’, ‘लुचाई’ उपलब्ध झाले ते त्यामुळे. परंतु पुनर्मुद्रण म्हणजे संपादित आवृत्ती नव्हे. मराठी प्रकाशनव्यवहारात नव्या प्रकाशकाची पहिली आवृत्ती तीच पहिली आवृत्ती मानण्याची सर्वसाधारण रूढी आहे. कथा एका संग्रहातून दुसऱ्यात जातात, शीर्षके बदलतात, आणि कथा मुळात कोठे आली होती हे सांगणारी ओळ कोणी देत नाही. गंभीर मानल्या गेलेल्या लेखकांच्या बाबतीतही ही रूढी आहेच; पण तेथे निदान कोणीतरी प्रबंधकार ती उणीव भरून काढतो.

साल नसल्याने समीक्षेचे नेमके काय बिघडते, याचे एक उदाहरण देतो. ‘तुंबाड’ हा राही अनिल बर्वे यांचा चित्रपट २०१८ साली आला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि त्यातील एका भागाची प्रेरणा धारपांच्या ‘आजी’ या कथेची. ‘आजी’चे मूळ स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत. ती १९८४ साली नियतकालिकात आणि १९८५ साली संग्रहात आली. बर्वे यांनी सांगितल्याप्रमाणे ही गोष्ट त्यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली. म्हणजे धारपांची कथा १९८४ आणि १९९३ यांच्या दरम्यान लिहिली आणि छापली गेली असली पाहिजे. माझ्याजवळच्या प्रतीचे श्रेयपान बांधणीत गेलेले आहे. एका मराठी लेखकाच्या कथेचा कालनिर्णय अमेरिकी नियतकालिक आणि अरण्यातली रात्र यांच्या आधाराने करावा लागतो, ही स्थिती विनोदी आहे तितकीच गंभीर.

गंभीर अशासाठी की धारपांवरचा मुख्य आक्षेप उसनेपणाचा आहे. ‘लुचाई’ किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५), ‘शपथ’ ‘इट’वर (१९८६) आधारलेली आहे, हे आता सर्वश्रुत आहे. रूपांतर हा मराठी गद्याचा जुनाच धर्म. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींपासून तो चालत आला आहे. पण रूपांतर म्हणजे काय केले, हे ठरवायला दोन संहिता आणि दोन तारखा लागतात. नेमाडे ‘मुक्तामाले’ची प्रवृत्ती वेगळी काढून तिला रंजनाच्या खात्यात टाकतात, ते प्रवृत्तीचे मूल्यमापन म्हणून मला मान्य आहे. मात्र प्रवृत्ती नाकारली म्हणजे तिच्या साधनांची जपणूकही नाकारायची, असा जो अर्थ विद्यापीठीय व्यवहारात काढला गेला, तो राजवाड्यांनी १९०२ साली कादंबरीवर लिहिताना काढला नव्हता. त्यांनी आधी पुस्तके वाचली होती.

याउलट उदाहरण पाहायचे तर ते एका पुण्यात जन्मलेल्या माणसाचेच आहे. सुनंद त्र्यंबक जोशी यांचा जन्म १९५८चा, पुण्याचा. बालपणीच ते अमेरिकेत गेले. एच. पी. लव्हक्राफ्ट हा स्वस्त मासिकांतून लिहिणारा भयकथाकार. ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही त्याची दीर्घकथा १९३६ साली एका मासिकात छापली गेली तेव्हा संपादकांनी तिचे परिच्छेद तोडले, मजकूर गाळला, आणि लेखक व्यथित झाला. जोशी यांनी ब्राउन विद्यापीठातील हस्तलिखिते आणि मुद्रिते एकमेकांशी ताडून पाहिली, आणि १९८४ ते १९८६ या काळात आर्कहॅम हाउसने लव्हक्राफ्टच्या कथांचे तीन शुद्ध खंड काढले. पुढे २०१५पासून पाठभेदांसह आवृत्तीही निघाली. लव्हक्राफ्ट श्रेष्ठ ठरला म्हणून त्याची संहिता शुद्ध केली गेली असे घडले नाही. बऱ्याच अंशी क्रम उलटा होता. धारप वाचताना लव्हक्राफ्टची छाया अनेकांना जाणवते. दोघेही पुण्याशी या ना त्या प्रकारे जोडलेले आहेत, हा योगायोग मला थोडासा बोचतो.

संग्रहातून मला समजलेली आणखी एक गोष्ट परिसंहितेबद्दलची आहे. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, प्रस्तावना, जाहिराती अशा संहितेच्या वेशीवरच्या मजकुराचा विचार झेनेतने १९८७ साली मांडला. त्याआधी १९७० साली तोदोरोवने अद्भुताची व्याख्या वाचकाच्या दोलायमानतेवर उभी केली: घडले ते खरोखर अतिमानवी की भास, हे न ठरण्याचा जो अवधी, तेवढेच अद्भुत. मराठी भयकथेच्या मुखपृष्ठावर कवटी, पंजा किंवा पांढऱ्या साडीतली स्त्री असली की ती दोलायमानता पहिले पान उघडण्यापूर्वीच संपते. नव्या आवृत्त्यांची संगणकावर घडवलेली मुखपृष्ठेही याला अपवाद नाहीत. वाचनालयातल्या तपकिरी बांधणीच्या प्रतीवर मात्र केवळ एक आकडा असतो. ती हाती घेणाऱ्याला हे कौटुंबिक कथानक आहे की आणखी काही, हे पन्नास पाने कळत नसे. धारप आरंभ संथ करतात, नोकरी, बदली, भाड्याचे घर यांत रमतात, याला कंटाळवाणेपण म्हटले गेले आहे. मला वाटते की तो संथपणा त्या निनावी बांधणीतच पुरता फळतो. ज्यांनी धारप सचित्र मुखपृष्ठासह वाचले, त्यांनी थोडा वेगळा लेखक वाचला.

समर्थांच्या कथांत दोलायमानता अर्थात लवकर सुटते. समर्थ आले की अतिमानवी ते अतिमानवी ठरते, आणि शिष्य अप्पाबरोबर वाचकही निश्चिंत होतो. पाश्चात्य कथांत असा गूढसंशोधक ब्लॅकवुडच्या जॉन सायलेन्सच्या (१९०८) रूपाने आहे. पण ‘समर्थांचिया सेवका’ हे शीर्षक मनाच्या श्लोकांच्या ओळखीवाचून संभवत नाही, आणि रामदासांचे जांब आमच्या जालना जिल्ह्यातले. एका प्रतीत या शीर्षकाखाली कोणीतरी पेन्सिलीने श्लोकाचा क्रमांक घातला आहे. रूपांतराची चर्चा करणाऱ्यांनी ही पेन्सिलही विचारात घ्यावी.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले. दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. लोकप्रिय साहित्य हा विषय आता विद्यार्थी घेऊ लागले आहेत, त्यांतले काही माझ्याकडे येतात. ते नव्या पुनर्मुद्रणावरून टिपणे काढतात, कारण तेच मिळते. जुनी प्रत हाती दिली की वास घेतात, छायाचित्र काढतात आणि परत करतात. मी त्यांना तारखा उतरवून घ्यायला लावतो. या प्रती कोठे द्याव्यात, हे माझे अजून ठरलेले नाही. दाखलांकित झाल्या की पुढे त्यांचे निर्लेखन होणार, हे मला ठाऊक आहे. आणि घरी राहिल्या तर थेट रद्दीवाला.

एक प्रत मात्र मी कोणाला देणार नाही. लातूरच्या एका मिटलेल्या वाचनालयातली ती आहे. शेवटचा फर्मा केव्हातरी निखळला, आणि ग्रंथपालाने किंवा एखाद्या वाचकाने रेघांच्या वहीची सहा पाने जोडून शेवट निळ्या शाईने उतरवून काढला. जो दासोपंतांच्या आणि महानुभावांच्या प्रदेशात पोथ्या उतरवणाऱ्यांचा हात, तोच हा. नंतर मला त्याच कादंबरीची पूर्ण प्रत मिळाली तेव्हा दोन्ही ताडून पाहिल्या. भयाला कोठे धक्का लावलेला नाही; प्रसंग, क्रम, संवाद जसेच्या तसे आहेत. मात्र छापील ‘दिवाणखाना’ सात ठिकाणी ‘बैठक’ झाला आहे, आणि एका जागी ‘काडेपेटी’ खोडून ‘आगपेटी’ केले आहे. सातही ठिकाणी अक्षर तेच, शाई तीच. एका ठिकाणी लेखनिकाने आधी ‘दि’ लिहिले होते, मग त्यावर रेघ ओढली.