नातीचा घोडा

ज्या वयात घोड्यावर बसावे, त्या वयात आमच्या घरी सायकलसुद्धा नव्हती. आणि आता सत्तरी उलटल्यावर मी न्यू जर्सीतल्या एका तबेल्यात, चिखलात उभा राहून घोड्याचे दात पाहत होतो! निमित्त अर्थात नातीचे. या राज्याने १९७७ साली घोड्याला राज्यप्राणी केले, तेव्हा तिचा हट्ट अगदीच परका म्हणता येत नव्हता.

तिला हवा होता ‘इंग्लिश प्लेझर’चा घोडा. शर्यतीचा नव्हे, अडथळ्यांवरून उड्या मारणाराही नव्हे. इंग्लिश पद्धतीचे सपाट खोगीर, दोन्ही हातांत लगाम. आणि चाल, दुडकी, कँटर हे सारे घोड्याने इतक्या समजूतदारपणे करायचे, की स्वाराचे सुख पाहणाऱ्याला लांबूनही कळावे.

माझे आजोबा खानदेशातले. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी मला दोन गोष्टी शिकविल्या होत्या: भोवरे आणि दात.

जाहिरातीतला पहिला घोडा नऊ वर्षांचा, आणि ‘लेकरासारखा गरीब’. गळ्यावर भोवराही होता, साक्षात देवमण! मी खूष. पण आम्ही पोचलो तेव्हा त्याच्यावर खोगीर चढवून ठेवलेले. नातीच्या शिक्षिकेने खोगिराखाली हात घातला. हात ओला. म्हणजे आम्ही येण्याआधीच त्याला पळवून, दमवून गरीब केलेला! मग मी ओठ वर केला. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच दिसू लागते आणि पंधराच्या सुमारास निम्म्या दातापर्यंत उतरते. इथे ती निम्म्यावर होती.

“आजोबा, तुम्ही डॉक्टर का?” विक्रेता हसून म्हणाला.

नातीने तोवर घोड्याच्या मानेत तोंड खुपसले होते. “वयाचे काय एवढे? तुम्हीसुद्धा म्हातारेच आहात की!”

यावर काय बोलणार? जावईबापूंनी आपला डॉक्टर आणला. विकणाऱ्याचा घ्यायचा नाही, हे शिक्षिकेचे पहिले कलम. त्याने एकेक पाय मिनिटभर दुमडून धरला आणि सोडताच घोडा पळवायला सांगितला. पुढचा उजवा पाय लंगडला. दुखणे लपविणारे औषध दिले असेल तर रक्तात सापडते, म्हणून रक्त घेऊ का, असे त्याने विचारताच विक्रेत्याला एकाएकी घाई झाली. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुसरी घोडी एका म्हाताऱ्या बाईंची. तिने किमतीआधी खोडीच सांगितल्या: छत्री उघडली की बुजते, गाडीत चढताना पाय मागे घेते. मग तिनेच आमची झडती घेतली. महिन्याचा ठाणावळीचा खर्च झेपेल का? सहा-आठ आठवड्यांनी नाल कोण बदलणार? पुढे विकायची वेळ आलीच तर आधी मला विचाराल ना?

भोवरा शुभ नव्हता. मी गप्प राहिलो. दात मात्र पाहिले. चौदा सांगितले होते, चौदाच्याच आसपास निघाले.

घोडी न्यायला गाडी आली तेव्हा बाईंनी नातीच्या हातात जुना खरारा दिला, घोडीच्या कपाळावर हात ठेवला आणि आत गेल्या. घोडी चढायला वीस मिनिटे लागली. त्या बाहेर आल्या नाहीत.