गाणं लागलं, या लवकर!

शेवटची पोळी तव्यावर असायची आणि बाहेरच्या खोलीत देवकी पंडितांचा आवाज सुरू व्हायचा. पोळी उलटायची, गॅस बंद करायचा, पदराला हात पुसत बाहेर यायचं. एवढं सगळं त्या गाण्यात बसायचं. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं आणि ‘आभाळमाया’ मालिकेच्या शीर्षकगीतानं घरोघरी ही शिस्त लावली.

कारण तेव्हा भाग चुकला की चुकला. पुनःप्रक्षेपणाच्या वेळी नोकरदार बाई घरी असेलच असं नाही. मग शेजारणीकडून कथा ऐकून घ्यायची. त्यामुळे शीर्षकगीताला खरोखरीचं काम होतं. शाळेच्या पहिल्या घंटेसारखं ते घरभर पांगलेल्यांना गोळा करायचं.

अशोक पत्कींना हे काम नेमकं ठाऊक होतं. जाहिरातींच्या असंख्य जिंगल्स केलेला हा संगीतकार. काही सेकंदांत ऐकणाऱ्याचा कान कसा धरायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. दूरदर्शनवरच्या ‘गोट्या’चं शीर्षकगीतही त्यांचंच. ‘आभाळमाया’त त्यांना मंगेश कुलकर्णींचे शब्द मिळाले आणि किशोरी आमोणकरांकडे शिकलेल्या देवकी पंडितांचा गळा. त्या गाण्यात मालिकेतल्या एकाही पात्राचं नाव नाही, कथेचा सुगावा नाही. जीव, आस, अश्रू, माया यांवरची लहान लहान विधानं आहेत, बस्स. म्हणूनच मालिका न पाहणाऱ्यालाही ते आपलं वाटलं. पुढे पत्की-कुलकर्णी जोडीनं ‘वादळवाट’चं शीर्षकगीतही केलं.

गाणं चालू असताना पडद्यावर नावं सरकत. पटकथा, संवाद, गीत, संगीत आणि ‘दिग्दर्शन : विनय आपटे’. गीतकार कोण, हे घरातल्या पोरांना पाठ असायचं ते त्यामुळेच.

आता भाग फोनवर आपली वाट पाहत पडलेला असतो. लोकलमध्ये पाहा, जेवताना पाहा, हवं तर वेग वाढवून पाहा. नेटफ्लिक्सनं २०१७ मध्ये सुरुवात ओलांडायचं बटण दिलं आणि ती सवय सगळीकडे लागली. वाहिन्यांवरही आधी एखादा खटकेबाज प्रसंग येतो, मग मालिकेचं नाव झळकतं न झळकतं तोच पुढचं सुरू. यात बायकांची सोय झाली, हे नाकारून चालणार नाही. हातातलं काम टाकून धावायला नको. ओटा आवरून, पाय पसरून निवांत पाहता येतं. ज्या गाण्याला कुणाला बोलवायचंच नाही, त्याला लांबी तरी कशाला हवी?

पण एक हिशेब राहतोच. त्या काळच्या कुणालाही ‘आभाळमाया’ची कथा सलग सांगायला लावा, चार भागांतच गाडी अडेल. गाणं मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवतील. मालिका लोकांच्या लक्षात ठेवायचं काम शीर्षकगीत करत होतं. ते काम आता कुणाकडे सोपवलंय, हे वाहिन्यांनी सांगावं.