हा मोकळा कसा?

मे महिना लागला की माझा फोन लग्नं जुळवणाऱ्या मावशींच्या फोनसारखा वाजू लागतो. एकामागून एक स्थळं येतात. वय ३१, उंची सहा फूट दोन, पाय डावा, स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनचा अनुभव, करार ३० जूनला संपतोय. आणि शेवटी एजंट मंडळींचा लाडका शब्द, ‘फ्री’. सोबत तीन मिनिटांचा व्हिडिओ, मागे ढणढण संगीत. त्या तीन मिनिटांत त्याचा एकही पास चुकत नाही. मुलगा पाहून निघालेली माणसं दारातून बाहेर पडेपर्यंत छान छान म्हणतात आणि रिक्षा सुरू झाली की एकच विषय काढतात: एवढं चांगलं स्थळ आजवर थांबलं कसं? क्लबांसाठी खेळाडू हेरण्याच्या माझ्या कामातही खरा प्रश्न तेवढाच. वेग, पहिला टच, हेडिंग, हे तर तिकीट काढून आलेल्यालाही दिसतं.

पैसे मोजून घेतलेल्या खेळाडूबाबत हा प्रश्न फार छळत नाही. त्याचा क्लब त्याला सोडत नव्हता, म्हणून तर पैसे मोजावे लागले. तोच त्याचा दाखला. फ्री खेळाडूकडे असा दाखला नसतो. त्याचा हात कुणीतरी सोडलेला असतो आणि सोडणारा खरं कारण कधी सांगत नाही. क्लब म्हणतो बजेट नव्हतं, एजंट म्हणतो त्यालाच बदल हवाय. दोघांचंही पाठांतर उत्तम असतं.

नव्या मुलांना मी पॉल पोग्बाची गोष्ट सांगतो, कारण तो एकाच क्लबाला दोनदा फुकट मिळाला. २०१२ साली, १९ वर्षांचा असताना, तो मँचेस्टर युनायटेड सोडून जवळपास फुकटात युव्हेंटसला गेला. चार वर्षांनी त्याच युनायटेडनं साडेदहा कोटी युरो ओतून त्याला परत आणला. २०२२ मध्ये करार संपला आणि स्वारी पुन्हा युव्हेंटसच्या दारात, पुन्हा फुकट. या वेळी जुलैतच गुडघा गेला, पुढच्या वर्षी तो उत्तेजकांच्या चाचणीत अडकला, बंदी आली आणि शेवटी करार मोडला. माणूस तोच, क्लब तोच, ट्रान्सफर फीचा आकडाही जवळपास तोच. पहिल्या खेपेला तो मोकळा झाला, कारण मॅनेजर खेळवत नव्हता आणि पोराला धीर नव्हता. दुसऱ्या खेपेचं कारण त्याच्या शरीरात होतं.

आणि पिर्लो. २०११ मध्ये मिलाननं त्याला ३२ व्या वर्षी जाऊ दिलं. युव्हेंटसनं त्याला उचललं आणि पहिल्याच मोसमात एकही सामना न हरता लीग जिंकली, पुढच्या तीनही मोसमांत जिंकली. आमच्या धंद्यात आज असा एक माणूस भेटत नाही जो म्हणेल, मी असतो तर पिर्लोला सोडला असता. मीही म्हणत नाही.

माझं घोडं अडतं ते करार संपत आलेल्या शेवटच्या सहा महिन्यांपाशी. बोसमन या फुटबॉलपटूच्या खटल्याचा निकाल १९९५ च्या डिसेंबरात लागला, तेव्हापासून करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला फी मागता येत नाही, आणि शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडूला दुसरीकडे बोलणी करता येतात. म्हणजे जानेवारीपासून तो अंगानं इथं आणि मनानं तिथं. मला पाहायला मिळतात ते नेमके याच काळातले सामने, आणि सगळ्यात लबाड सामनेही हेच. काही जण पाय वाचवून खेळतात. अधल्यामधल्या चेंडूवर अर्धं पाऊल मागे राहतात, कारण एप्रिलमध्ये गुडघा गेला तर जूनमध्ये कोण विचारणार? काही जण नव्या कराराच्या आशेनं असे पेटतात, की तीन वर्षांत धावले नाहीत तेवढे तीन महिन्यांत धावतात. पहिल्याला आपण संपला म्हणतो आणि दुसऱ्याला बहरला म्हणतो. तिसरे असतात ते बाकावरच बसलेले. करार वाढवायला नाही म्हणाले म्हणून कोचनं रागावून बसवलेले. त्यांचा तर पाहायला सामनाच नाही.

मग मागे जायचं, दोन वर्षांपूर्वीच्या सामन्यांकडे. तेव्हाचं मन खरं असतं, पण शरीर? एकोणतिसाव्या वर्षीचा हॅमस्ट्रिंग आणि एकतिसाव्या वर्षीचा हॅमस्ट्रिंग यांची ओळखसुद्धा नसते कधीकधी. ताजं पाहावं तर मन खोटं, जुनं पाहावं तर शरीर खोटं. या दोहोंच्या मध्ये कुठंतरी तो खेळाडू आहे, आणि इतकी वर्षं मी तिथंच घुटमळतोय.

मी पाहतो काय, तर चेंडू नसतानाचा खेळाडू. स्ट्रायकरनं धाव घेतली, पास आला नाही. दुसरी धाव घेतो का? की हात पसरून मिडफिल्डरकडे पाहत उभा राहतो? सत्तराव्या मिनिटानंतर स्टॉपर वळतो तेव्हा पहिलं पाऊल कुठल्या पायाचं टाकतो? दुखऱ्या बाजूनं वळायचं टाळतो का? यातलं पुष्कळसं टीव्हीच्या चौकटीबाहेर घडतं, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. म्हणून माणसांना फोन लावायचे. फिजिओ सांगत नाही, सांगूही नये. किटमॅन थोडं सांगतो. सगळ्यात खरं सांगतो तो समोरच्या संघातला बॅक, ज्यानं त्याला नव्वद मिनिटं मार्क केलं. तो एका वाक्यात निकाल लावतो आणि त्याचं वाक्य बहुधा छापण्याजोगं नसतं.

युरोपात निवड असते ती स्वस्त फ्री एजंट की महागडा अव्वल खेळाडू अशी. आपल्याकडे परदेशी खेळाडूंच्या बाजारात बहुतेक सगळेच फ्री. २०१४ साली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा आलेले मार्की, म्हणजे नावाजलेले, लोकही बहुतेक क्लबाच्या कराराबाहेरचेच होते. गोव्याकडे पिरेस आणि मुंबईकडे ल्युंगबर्ग तर निवृत्तीतून उठून आले होते. दिल्लीकडून देल पिएरोनं एक गोल केला. मुंबई, पुणे, दिल्ली, तिघेही उपांत्य फेरीबाहेर. मालकांना नावं हवी होती, स्टेडियम भरायला हवं होतं आणि ते भरलंही, तक्रार नाही. पण तेव्हापासून मालकांच्या डोक्यात एक खूळ बसलं, की नाव म्हणजे दर्जा.

त्या खुळावर उतारा गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर मिळाला. २०१७ मध्ये एफसी गोवानं सायप्रसमधल्या छोट्या क्लबातून फेर्रान कोरोमिनासला आणलं. सायप्रसहून येणारा ३४ वर्षांचा स्ट्रायकर, हे ऐकून कुठला मालक खुर्चीत पुढं सरकेल? पहिल्या मोसमात त्यानं १८ गोल केले, दुसऱ्यात १६. दोन्ही वर्षी गोल्डन बूट. तीन मोसमांत मिळून ४८. मी त्याला स्टँडमधून पाहायचो. पळापळ नाहीच. गोलपुढच्या गर्दीत बॅकनं मान वळवली की हा अर्ध्या पावलानं सरकलेला असायचा. ते अर्धं पाऊल कुठल्याही रीलमध्ये येत नाही. स्ट्रायकर ओगबेचेचंही तसंच. नॉर्थईस्ट, केरळ, मुंबई, हैदराबाद, दरवर्षी नवा क्लब. दरवर्षी मी फाईल उघडायचो आणि विचारायचो, पुन्हा मोकळा? याच्यात काही खोट आहे का? २०२१-२२ मध्ये, ३७ व्या वर्षी, त्यानं हैदराबादकडून १८ गोल केले आणि हैदराबाद चॅम्पियन झालं. खोट काही नव्हती. आमच्याकडे करारच वर्ष-वर्षाचे होतात, एवढंच.

या कथा मी कुणालाही, न विचारता, सांगत सुटतो. गेल्या वर्षी काम शिकायला आलेल्या मुलीनं मात्र मला थांबवलं. ती कोल्हापूरची, शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांच्या लढती पाहत वाढलेली, त्यामुळे आवाज मोठा आणि भीड कमी. मी एका फ्री मिडफिल्डरचं कौतुक लावलं होतं. तिनं लॅपटॉपवरून मान न काढताच विचारलं, “सर, ह्याचे दोन कोटी पडले असते तर तुम्ही मागितला असता का?”

मी म्हणालो, “पण पडत नाहीत ना.”

“तेच म्हणतेय मी.”

फार झोंबलं. कारण उत्तर मला ठाऊक होतं. दोन कोटींचा अव्वल खेळाडू चालला तर श्रेय मालकाच्या चेकचं. फुकटातला चालला तर श्रेय माझ्या डोळ्याचं. मग पार्टीत कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतं, कुठून शोधलास रे? त्या एका प्रश्नासाठी मी कितीतरी मे-जून घालवले आहेत. हैदराबादच्या विजयाची बातमी वाचतानासुद्धा आधी मनात आलं ते, आपण का नाही. २०२० मध्ये मुंबई सिटीनं गोव्याच्या बुमूसचा रिलीज क्लॉज भरला, गोव्याचा माजी कोच लोबेरा आणि त्याचे भरवशाचे खेळाडू उचलले आणि त्या मोसमात लीगची शील्ड व कप दोन्ही जिंकले, तेव्हा ‘विकत घेतलेली ट्रॉफी’ म्हणणाऱ्यांत माझा आवाज चढा होता. त्यात फुटबॉल थोडं आणि असूया जास्त.

आणि फुकट म्हणजे तरी काय? जुन्या क्लबाला जात नाहीत ते पैसे साइनिंग बोनस, एजंटचं कमिशन आणि फुगलेला पगार अशा वाटांनी जातातच. २०१९ मध्ये युव्हेंटसनं आर्सेनलच्या ॲरन रॅमसेला फी न देता घेतलं, भरभक्कम पगारावर, चार वर्षांसाठी. तीन वर्षांत, मध्येच रेंजर्सला उसना देऊन, करार संपवावा लागला. त्या कागदावर फीच्या रकान्यात शून्यच होतं.

तरी माझी खोड जात नाही. त्या मुलीपुढे मी लिव्हरपूल ठेवलं. २०१९ ची चॅम्पियन्स लीग फायनल, माद्रिद. बचावात मध्यभागी दोघं शेजारी-शेजारी: साडेसात कोटी पौंडांचा व्हॅन डाइक आणि फुकट आलेला माटिप. शेवटचा गोल ओरिगीचा, पास माटिपचा. ती म्हणाली, व्हॅन डाइक शेजारी नसता तर माटिप एवढा निर्धास्त पुढं गेला असता का? मी म्हटलं, माटिप नसता तर व्हॅन डाइकसाठी पैसे उरले असते का? जेवणाची सुट्टी संपली. माझं म्हणणं अजून तेच आहे: फुकटातला माल घ्यायचा तो महाग माल परवडावा म्हणून, महागाच्या जागी नव्हे. हे मालकांना पटत नाही. त्यांना एक तर सगळंच फुकट हवं असतं, नाहीतर एक पोस्टर.

२०२५ मध्ये तर माझ्या प्रश्नातला जीवच गेला. आयएसएल वेळेवर सुरू झाली नाही, काही क्लबांनी पगार थांबवले, आणि चांगले, तरणेबांड, धडधाकट खेळाडू घरी बसले. हा मोकळा कसा, याचं सगळ्यांसाठी एकच उत्तर, आणि त्या उत्तरात खेळाडूबद्दल एक अक्षर नाही. एजंटांचे मेसेज ढिगानं येत होते. मी पहिल्यांदाच ते उघडायचा कंटाळा केला. महासंघ, कंपन्या आणि क्लब यांच्या भांडणावर माझी जी मतं आहेत ती इथं लिहिली तर लेख त्यातच संपेल.

आता आम्ही नवी पद्धत लावली आहे, म्हणजे त्या कोल्हापूरच्या मुलीनं लावली आहे. खेळाडूंची यादी माझ्याकडे येते तेव्हा करार कधी संपतो आणि फी किती, हे दोन्ही रकाने तिनं काढून टाकलेले असतात. मी फक्त खेळ पाहून लिहायचं, याला घ्यावा की नाही आणि जास्तीत जास्त किती द्यावेत. मग ती रकाने उघडते. पद्धत चांगली आहे, कोचलाही आवडली. परवा यादीत एक डावखुरा सेंटर-बॅक दिसला, शांत डोक्याचा, ऐंशीव्या मिनिटालाही दोन्ही बाजूंना सारखा वळणारा. ती चहाला खाली उतरली तेवढ्यात मी एजंटला फोन लावला आणि विचारलं, याचा करार कधी संपतोय?