पाचवी तार

वयाच्या पंचेचाळिशीत माणसाला एक तर मधुमेह होतो, नाही तर छंद लागतो. मला बँजो लागला.

दोष भाच्याचा. अमेरिकेतून कायमचा परतताना त्याने नॉर्थ कॅरोलिनातला एक जुना बँजो आणला आणि "मामा, हा तुला" म्हणून तो मोकळा झाला. शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, "मिरवणुकीची सुपारी कितीला घेता?" आपल्याकडे बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग, तो मूळचा जपानी. माझा बँजो त्याचा नावापुरता नातेवाईक. डफाला लांब मान फुटावी तसा दिसतो. त्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, भोपळ्याचे. गुलाम करून नेलेल्या माणसांनी तो आठवणीतून अमेरिकेत पुन्हा घडवला. हे वाचल्यावर मला तो माळ्यावर टाकायचा धीर होईना.

त्याला चार तारा लांब, पाचवी आखूड. बाकीच्या थेट टोकापर्यंत जातात. ही पाचव्या पडद्यापाशीच खुंटीला अडकते. माझ्याबरोबर लागलेले चौघे मॅनेजर झाले, मी अजून काउंटर नंबर पाचवर. त्यामुळे तिच्याशी माझं पटकन जमलं. गंमत म्हणजे मोकळ्या तारांत सगळ्यांत उंच सूर या आखूड तारेचाच!

जुन्या वळणाच्या या वादनाला 'क्लॉहॅमर' म्हणतात. मूठ अर्धी मिटायची, बोटाच्या नखाने एक तार वरून खाली मारायची, मग तेच नख सगळ्या तारांवरून फिरवायचं आणि लगेच अंगठ्याने पाचवी तार सोडायची. बम्, डि-टी. बम्, डि-टी. ऐकायला सोपं. पण माझा हात बावीस वर्षं नोटा मोजलेला. नोटा मोजताना अंगठा पुढे ढकलतो. इथे त्याने पाचव्या तारेवर टेकून वाट पाहायची असते. पहिले पंधरा दिवस मी बँजो वाजवला नाही, मोजला.

डाव्या हाताला मात्र बिनशर्त रजा. तारा अशा जुळवतात की मोकळ्या छेडल्या तरी सूर बिघडत नाही. आधी उजव्या हाताची लय बसू द्यायची. माझी बसेपर्यंत खालच्या मजल्यावरून दोनदा निरोप आला. आवाज दाबायला मागच्या बाजूने टॉवेल कोंबतात, असं मी घरात बोललो मात्र, हिने न मागता दोन टॉवेल आणून दिले.

आईला कमी ऐकू येतं, म्हणून तिच्याच खोलीत बसायचो. एका संध्याकाळी दोन्ही टॉवेल धुवायला गेले होते. कसं कोण जाणे, त्या दिवशी लय चुकलीच नाही. पाहतो तर आई डोळे मिटून पुढे-मागे डुलतेय, ओठ हलताहेत. माहेरच्या जात्यावर बसली होती ती. माझं मनगट भरून आलं आणि मी थांबलो.

"थांबलास का रे?" आई म्हणाली, "पायलीभर दळण राहिलंय अजून."

पायली म्हणजे चार शेर. पण मी हिशेब केला नाही. अंगठा पुन्हा पाचव्या तारेवर टेकला.